सत्तरीतल्या गिऱ्हाइकाला जन्मतारीख का विचारतात?

१ जुलै २००७ रोजी अमेरिकेच्या टेनेसी राज्यात एक नवा नियम लागू झाला. दुकानातून घरी न्यायला बिअर घेणाऱ्या प्रत्येकाने ओळखपत्र दाखवायचे. यातून कोणालाच सूट नव्हती. नातवंडे कॉलेजात गेलेल्या आजीला नव्हती, काठी टेकत आलेल्या निवृत्त शिक्षकाला नव्हती आणि वर्षानुवर्षे त्याच दुकानात येणाऱ्या, गल्ल्यावरच्या माणसाला नावानिशी ठाऊक असलेल्या शेजाऱ्यालाही नव्हती. इतका सरसकट नियम करणारे टेनेसी हे अमेरिकेतले पहिले राज्य. नियम होता फक्त बिअरला, आणि तोही दुकानातल्या विक्रीपुरता. व्हिस्की, वाइन आणि बारमध्ये बसून पिणे त्याच्या कक्षेबाहेर राहिले.

अमेरिकेत मद्य विकत घेण्याचे किमान वय २१ आहे. समोरच्या पांढऱ्या केसांच्या माणसाने एकविशी कधीच ओलांडली आहे, हे सांगायला कार्ड लागत नाही. तरीही अमेरिकेतल्या असंख्य दुकानांत आणि स्टेडियममधल्या बिअरच्या खिडक्यांवर आज पासष्टी-सत्तरीतल्या लोकांना ‘आयडी प्लीज’ ऐकावे लागते. काही जण हसून पाकीट काढतात, काहींना ते कौतुक वाटते. पण बऱ्याच जणांना मनापासून लागते, आणि ते मला समजते. आयुष्यभर जबाबदारीने वागलेल्या माणसाला एका बिअरसाठी स्वतःचे वय सिद्ध करायला लावणे ही छोटी गोष्ट नाही. तरीसुद्धा हा प्रश्न विचारला जावा, असे माझे मत आहे. ते का, हे समजायला २१ हा आकडा आला कुठून तिथून सुरुवात करावी लागते.

अमेरिकेतली दारूबंदी १९३३ मध्ये एकविसाव्या घटनादुरुस्तीने उठली आणि मद्याविषयीचे बहुतेक अधिकार राज्यांकडे गेले. बऱ्याच राज्यांनी किमान वय २१ ठेवले, कारण तेव्हा मतदानाचे वयही तेच होते. पुढे व्हिएतनाम युद्धाच्या काळात, अठराव्या वर्षी लढायला पाठवता तर मत का देऊ देत नाही, हा प्रश्न तीव्र झाला. १९७१ मध्ये सव्विसाव्या घटनादुरुस्तीने मतदानाचे वय १८ झाले. त्याच लाटेत १९७० ते १९७५ या काळात २९ राज्यांनी मद्याचे वयही खाली आणले. कुठे ते १८ झाले, कुठे १९, कुठे २०. परिणाम रस्त्यांवर दिसला. वय कमी केलेल्या राज्यांमध्ये तरुण चालकांचे अपघात वाढल्याचे अभ्यासांतून पुढे येऊ लागले. शेजारच्या राज्यात वय कमी असले की मुले गाडी घेऊन सीमेपलीकडे प्यायला जात आणि रात्री त्याच रस्त्याने परत येत. अशा सीमांना तिकडे ‘रक्ताच्या सीमा’ म्हणू लागले होते.

३ मे १९८० रोजी कॅलिफोर्नियातल्या फेअर ओक्स गावात कॅरी लाइटनर ही १३ वर्षांची मुलगी रस्त्याने चालली होती. एका दारू प्यालेल्या चालकाने तिला मागून उडवले आणि तो न थांबता निघून गेला. तिची आई कँडी लाइटनर हिने त्याच वर्षी ‘मदर्स अगेन्स्ट ड्रंक ड्रायव्हिंग’ ही संघटना उभी केली. तिच्या रेट्यामुळे आणि न्यू जर्सीचे सेनेटर फ्रँक लॉटेनबर्ग यांच्या पुढाकाराने १९८४ मध्ये राष्ट्रीय किमान मद्यपान वयाचा कायदा झाला. १७ जुलैला राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी त्यावर सही केली. मद्याचे वय ठरवण्याचा अधिकार राज्यांचा असल्याने केंद्र सरकारला थेट हुकूम काढता येत नव्हता. म्हणून त्याने पैशाची नाडी आवळली. जे राज्य वय २१ करणार नाही, त्याच्या महामार्ग निधीतून आधी ५ टक्के आणि पुढे १० टक्के रक्कम कापायची. साउथ डकोटा राज्यात १९ वर्षांच्या मुलांना सौम्य बिअर मिळत असे. ते राज्य या कायद्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. १९८७ मध्ये सात विरुद्ध दोन मतांनी ते हरले. १९८८ मध्ये वायोमिंगने वय वाढवले आणि सगळ्या देशात २१ हा आकडा पक्का झाला.

कॅरीच्या मृत्यूतला एक तपशील पुढच्या विवेचनासाठी महत्त्वाचा आहे. तिला उडवणारा चालक कोवळा मुलगा नव्हता. तो चाळिशी ओलांडलेला होता. दारू पिऊन गाडी चालवल्याचे गुन्हे त्याच्या नावावर आधीपासून होते, आणि आणखी एका अपघाताच्या प्रकरणात तो नुकताच जामिनावर सुटला होता. १९८४ च्या कायद्याने लाखो तरुणांच्या हातातला ग्लास काढून घेतला आणि त्यातून पुष्कळ जीव वाचले, हे मान्यच आहे. पण कॅरीला मारणाऱ्या माणसाला त्या कायद्याने अडवले नसते. जन्मतारीख पाहून दुकानदाराने त्याला बाटली दिलीच असती.

आता गल्ल्यापाशी येऊ.

अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत कायदा ‘२१ च्या खालच्याला विकू नका’ एवढेच सांगतो. ‘प्रत्येकाचे ओळखपत्र पाहा’ असे तो म्हणत नाही. पण चूक झाल्यावर बचाव काय करायचा, या प्रश्नातून ओळखपत्राची सक्ती आपोआप जन्माला येते. मुलाने खरे वाटणारे सरकारी कार्ड दाखवले होते आणि विक्रेत्याने ते तपासले होते, हा कित्येक राज्यांत कायद्याने मान्य केलेला बचाव आहे. ‘तो मोठा दिसत होता’ हा बचाव सहसा टिकत नाही. दंड फक्त मालकाला होतो असेही नाही. अनेक राज्यांत प्रत्यक्ष बाटली देणाऱ्या कर्मचाऱ्यावर फौजदारी गुन्हा नोंदवला जातो. तासाच्या पगारावर उभी असलेली कॉलेजातली मुलगी असो नाही तर दुसरी नोकरी म्हणून रात्रपाळी करणारा माणूस असो, एका चुकीच्या अंदाजाने त्याची नोकरी जाते आणि नावावर गुन्हा लागतो.

त्यात पोलीस मुद्दाम परीक्षा घेतात. वयाने लहान असलेल्या तरुणाला पैसे देऊन दुकानात पाठवायचे आणि दुकानदार विकतो का ते पाहायचे. कॅलिफोर्नियात दुकानदारांनी याला आव्हान दिले. पोलीस थोराड दिसणारी मुले पाठवून आम्हाला फसवतात, अशी त्यांची तक्रार होती. १९९४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने दुकानदारांच्या विरोधात निकाल दिला. मुलगा मोठा दिसत असेल, तर कार्ड मागण्याचा साधा उपाय तुमच्या हातात होताच, हा त्यातला आशय. त्यानंतर नियम थोडा न्याय्य झाला. पाठवलेली व्यक्ती २० च्या आतली असावी, ती २१ च्या खालची वाटावी, आणि वय विचारल्यास तिने खरे सांगावे, अशा अटी आल्या. पण दुकानदार त्यातून जे शिकायचे ते शिकले. मोठ्या साखळी दुकानांनी ‘तिशीच्या आतला वाटला तर विचारा’, पुढे ‘चाळिशीच्या आतला वाटला तर विचारा’ आणि काहींनी शेवटी ‘सगळ्यांनाच विचारा’ असे नियम केले. गल्ल्यावरचे यंत्रही तसेच बसवले गेले. बिअरचा बारकोड वाचला की पडदा अडतो. जन्मतारीख टाकल्याशिवाय किंवा लायसन्सच्या मागचा बारकोड दाखवल्याशिवाय पुढची पायरी येतच नाही. अशा ठिकाणी समोरच्या मुलीला आजोबांचे वय दिसत असते. तरी त्यांना तसेच सोडण्याची मुभा तिला दिलेली नसते.

माणसाच्या नजरेवर एवढा अविश्वास का? कारण तो अविश्वास रास्त आहे. चेहऱ्यावरून वय ओळखण्यात आपण बरेच कच्चे असतो. कित्येक वर्षांची चूक नेहमीची आहे. तरुण चेहरे आपल्याला आहेत त्यापेक्षा थोराड वाटतात आणि म्हातारे चेहरे थोडे तरुण, असा कल मानसशास्त्रज्ञांना पुन्हा पुन्हा आढळला आहे. आपल्याच वयोगटातल्या माणसाचा अंदाज त्यातल्या त्यात बरा येतो. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली. आधी पाहिलेला चेहरा पुढच्या चेहऱ्याचा अंदाज स्वतःकडे ओढतो. गल्ल्यावर याचा अर्थ गंभीर होतो. लागोपाठ साठीतली गिऱ्हाईके आली आणि मागोमाग एकोणीस वर्षांचा मुलगा आला, तर तो किंचित मोठा वाटण्याचा धोका असतो. पहाटे तीनच्या पाळीत, रांग लागलेली असताना, त्या नजरेवर एखाद्याचे आयुष्य आणि स्वतःची नोकरी टांगायची का?

वयाची एखादी रेषा आखून हे सुटेल असे वाटते, पण रेषा कुठेही आखली तरी तिच्या दोन्ही बाजूंना अंदाजच उरतो. ब्रिटनमध्ये मद्य घेण्याचे वय १८ आहे, पण पंचविशीच्या आतला दिसणाऱ्याला विचारा, ही ‘चॅलेंज २५’ पद्धत तिथे रूढ झाली. स्कॉटलंडने ऑक्टोबर २०११ पासून ती कायद्याने सक्तीची केली. अमेरिकेतल्या इंडियाना राज्याने १ जुलै २०१० पासून दुकानातल्या विक्रीसाठी सरसकट सगळ्यांना ओळखपत्र सक्तीचे केले. वयस्क गिऱ्हाइकांच्या तक्रारी इतक्या आल्या की वर्षभरातच नियम ‘चाळिशीच्या आतले दिसणारे’ इतका आखडला. टेनेसीनेही पुढे, पन्नाशी ओलांडलेली दिसणाऱ्या व्यक्तीकडे कार्ड नसेल तर विक्री करता येईल, अशी वाट ठेवली. ज्येष्ठांना त्यामुळे दिलासा मिळाला. पण गल्ल्यावरच्या माणसावर मात्र आणखी अवघड काम आले. समोरची बाई पन्नाशीची दिसते की नाही, हे तिच्या तोंडावर ठरवायचे आणि चुकले तर तिचा राग झेलायचा. ‘सगळ्यांनाच विचारतो’ हे वाक्य दोघांनाही त्यातून सोडवते. विचारणाऱ्याने कोणाच्या सुरकुत्या मोजल्या नाहीत, आणि देणाऱ्याला कोणी संशयाने निवडून काढले नाही. रंग, पेहराव, उच्चार पाहून काहींनाच अडवण्याची खोडही यात बसत नाही. त्या देशात हा फायदा लहान नाही.

सरसकटपणा पोकळही होऊ शकतो, याचे उदाहरण जपान. तिथल्या छोट्या चोवीस तास दुकानांमध्ये बिअर घेताना गल्ल्यावरच्या पडद्यावर प्रश्न येतो, तुमचे वय २० किंवा त्याहून अधिक आहे का? गिऱ्हाइकाने ‘हो’ या जागी बोट लावायचे. ऐंशी वर्षांच्या आजोबांनीही लावायचे. एप्रिल २०२२ मध्ये सज्ञानतेचे वय १८ झाले, पण मद्याचे वय २० च राहिले आणि पडदाही राहिला. या बोट लावण्याने काहीही सिद्ध होत नाही, फक्त जबाबदारी दुकानाकडून गिऱ्हाइकाकडे जाते. वृद्धांना यातला निरर्थकपणा खटकला तर त्यांचे काही चुकत नाही.

याउलट युटा राज्याने या प्रश्नाचा अर्थच बदलला. मॉर्मन पंथीयांची मोठी वस्ती असलेले हे राज्य मद्याबाबत आधीपासून कडक आहे. चालकाच्या रक्तातील अल्कोहोलची मर्यादा इतर राज्यांत ०.०८ टक्के असताना युटाने ती डिसेंबर २०१८ मध्ये ०.०५ वर आणली. तिथे १ जानेवारी २०२६ पासून मद्य घेणाऱ्या प्रत्येकाचे ओळखपत्र पाहणे सक्तीचे आहे, मग तो कोणत्याही वयाचा असो. कारण वेगळे आहे. अति दारू पिऊन गाडी चालवल्याच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या व्यक्तीला मद्य विकू नये, असा आदेश न्यायालय देऊ शकते. मग तिच्या कार्डावर लाल पट्टी येते आणि तिला मद्य विकायचे नाही, असे त्यावर छापले जाते. स्वतःच्या व्यसनाला बांध घालायचा म्हणून एखाद्याने आपणहून अशी पट्टी मागितली, तर तीही मिळते. आता युटात सत्तरीतल्या माणसाचे कार्ड पाहताना जन्मतारीख दुय्यम ठरते. पाहायची असते ती पट्टी आहे की नाही. कॅरी लाइटनरला मारणाऱ्यासारखा चालक ज्या जाळ्यातून निसटला असता, ते जाळे इथे थोडे घट्ट विणले गेले आहे. दुसऱ्याकडून बाटली मागवण्याची पळवाट उरतेच. तरी हा प्रयत्न मला मोलाचा वाटतो.

आपल्याकडे काय चालते? महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आजही लागू आहे. त्यानुसार सौम्य बिअर आणि वाइनसाठी २१ आणि इतर मद्यासाठी २५ वर्षे वय लागते. शिवाय पिणाऱ्याकडे एका दिवसाचा, वर्षाचा किंवा आजीवन परवाना असावा लागतो, मग त्याचे वय काहीही असो. म्हणजे कागदावर आपला कायदा युटाइतकाच सरसकट आहे. पण वाइन शॉपच्या जाळीतून हात घालून बाटली घेणाऱ्याला वय किंवा परवाना किती ठिकाणी विचारतात, हे वाचकांनी स्वतः पाहिलेले आहे. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला भरधाव पोर्शे गाडीने मोटारसायकलवरच्या दोन तरुण इंजिनिअरांचा जीव घेतला. गाडी १७ वर्षांचा मुलगा चालवत होता आणि त्याआधी त्याला बारमध्ये मद्य दिले गेले होते, असे पोलिसांनी सांगितले. बारचे चालक आणि व्यवस्थापक यांना अटक झाली, बार सील झाले. मद्य देण्याआधी टेबलावरच्या प्रत्येकाचे कार्ड मागण्याची सवय त्या शहरात असती, तर तो मुलगा तिथेच अडला असता. अमेरिकेतल्या आजीबाईंना होणारा त्रास मोजताना पारड्याच्या दुसऱ्या बाजूला हे ठेवावे लागते.

मात्र एका बाबतीत अमेरिकेची व्यवस्था वृद्धांवर उघड अन्याय करते, आणि तो सहज टाळता येण्याजोगा आहे. तिथे बहुतेकांचे ओळखपत्र म्हणजे ड्रायव्हिंग लायसन्स. नजर कमजोर झाली, हात थरथरू लागले, की समंजस माणूस आपणहून गाडी सोडतो. लायसन्सची मुदत संपते. मुदत संपलेले कार्ड अनेक राज्यांचे नियम आणि बहुतेक दुकाने स्वीकारत नाहीत. म्हणजे ज्याने रस्त्यावरच्या इतरांच्या जिवाची काळजी घेतली, त्यालाच बाटली नाकारली जाते. जुनी कार्डे थोरली भावंडे धाकट्यांना देतात, म्हणून मुदत पाहावी लागते, असे त्याचे समर्थन केले जाते. बाविशीच्या कार्डाबाबत ते बरोबर आहे. पण १९५० साली जन्मलेल्या माणसाचे, त्याच्याच फोटोचे कार्ड कोणता एकोणीस वर्षांचा मुलगा वापरणार? गाडी चालवण्याची परवानगी संपू शकते, जन्मवर्ष संपत नाही. साठीपुढच्या व्यक्तीचे मुदत संपलेले पण फोटो जुळणारे सरकारी कार्ड वयाचा पुरावा म्हणून चालावे, एवढी दुरुस्ती राज्यांनी करायलाच हवी. गाडी न चालवणाऱ्यांसाठी राज्ये वेगळे ओळखपत्र देतात हे खरे. पण ते काढायला ज्या कार्यालयात जावे लागते, तिथे गाडीशिवाय पोचणे छोट्या गावांत किती कठीण असते, हे तिथे राहणाऱ्यांना विचारावे. मॅसॅच्युसेट्समध्ये तर कित्येक वर्षे दुसऱ्या राज्याचे चालू लायसन्सही दुकानदाराला कायद्याचे संरक्षण देत नसे. त्यामुळे शेजारच्या न्यू हॅम्पशायरहून आलेला पाहुणाही बोस्टनच्या दुकानातून रिकाम्या हाताने परतू शकत होता.

मुलाकडे किंवा मुलीकडे सहा महिन्यांसाठी अमेरिकेला जाणाऱ्या आपल्याकडच्या आईवडिलांना याची झळ अचानक लागते. आधार कार्ड तिथे सहसा कोणी ओळखत नाही. पासपोर्ट चालतो. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात तर परदेशी सरकारने दिलेला चालू पासपोर्ट स्पष्ट शब्दांत ग्राह्य धरला आहे. फोनमधला पासपोर्टचा फोटो मात्र बहुतेक ठिकाणी नाकारतात. आपल्या पासपोर्टमागे तिथल्या लायसन्ससारखा बारकोड नसतो, म्हणून तारीख हाताने टाकावी लागते. तिकडे आधी महिना आणि मग दिवस लिहितात. त्यामुळे २५/१२ अशी तारीख यंत्र घेत नाही, तेव्हा महिना शांतपणे सांगावा. सोबत मुलगा किंवा सून असेल तर काही दुकाने त्यांचेही कार्ड मागतात, कारण मोठ्याच्या हातून लहानासाठी खरेदी होते का, हे त्यांना तपासायचे असते. गल्ल्यावरच्या मुलीशी वाद घालू नये. नियम तिने केलेला नाही आणि तो मोडल्यास नोकरी तिची जाते. पासपोर्ट जवळ बाळगायचा नसेल आणि मुक्काम लांबणार असेल, तर आपल्या व्हिसावर राज्याचे ओळखपत्र मिळते का, याची चौकशी पोचल्यावर लगेच करून ठेवावी.